सत्तरवर चिकटवलेली लेन्स

सॅकमध्ये एकच लेन्स मावणार होती, कारण बाकीची जागा पत्रकांनी घेतली होती. ही तक्रार नाही. पत्रकं आधी, कॅमेरा नंतर आणि आपले कपडे उरलेल्या जागेत, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. भोरहून निघायचं, डोंगर ओलांडून पायी वेल्ह्याकडे जायचं, वाटेतल्या वाड्यांमध्ये पत्रकं वाटायची आणि डोंगरउतारांवर प्लॉटिंगवाल्यांनी काय चालवलंय त्याचे फोटो काढायचे, असा पाच दिवसांचा बेत होता. मी एकटीच जाणार होते. भातकापणीचे दिवस होते आणि गटातल्या बाकी सगळ्यांच्या हातात घरच्यांनी विळा दिला होता.

या पाच दिवसांत एक काम असं होतं की ते चुकवून चालणार नव्हतं. गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला अकरा घरांची एक वाडी आहे. नाव सांगत नाही, प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. त्या वाडीतून खाली डांबरी रस्त्याला उतरणारी पायवाट एका प्लॉटच्या कुंपणानं मधेच कापली होती. वाडीतल्या एका मावशींनी तालुक्याला अर्ज केला होता. मावशींच्या दोन म्हशी, सकाळचं दूध किटलीतून खाली न्यायचं, सात वाजता डेअरीची गाडी रस्त्यावर थांबते आणि सात वाजून पाच मिनिटांनी जाते. कुंपण झाल्यापासून ट्रॅक्टरच्या रस्त्यानं वळसा घालून जायला तासभर जास्त लागत होता. गाडी चुकली की दूध परत वर. पुढच्या आठवड्यात तहसीलदार साहेब स्थळपाहणीला येणार होते. त्याआधी अर्जाला फोटो जोडायचे होते आणि ते मी काढायचे होते.

तर लेन्स. भोरमध्ये छापखान्याच्या वर आमची एक खोली आहे. तिथल्या टेबलावर तीन लेन्स मांडून आम्ही दोघं बसलो होतो, मी आणि आमच्या पत्रकांची मांडणी करणारा मित्र. एक कॅमेऱ्याबरोबर आलेली, सगळं थोडंथोडं करणारी. दुसरी पन्नास मिलिमीटरची, वाटीएवढी, झूम नाही, चेहऱ्यांसाठी झकास. तिसरी सत्तरपासून तीनशेपर्यंत ताणता येणारी, दुधी भोपळ्यासारखी लांब. ती आम्हाला गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिली होती. सर धरणाच्या पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायचे. हात थरथरायला लागले तसं म्हणाले, "पक्षी आता मला हलताना दिसतात. तुमची माणसं तरी एका जागी उभी राहतात का बघा."

मित्र म्हणाला, "पहिली ने. गुमान."

"पहिलीनं काय येतं? डोंगर ढेकळाएवढे आणि माणसं मुंगीएवढी."

"मग पन्नासची ने. हलकी आहे. तू काय मोर्चाला चालली आहेस?"

"मोर्चाच आहे तो. एकटीचा."

"दुर्बीण गळ्यात घालून एकटीचा मोर्चा. छान."

मी भोपळा उचलला. मला खात्रीच होती. का होती ते सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. पत्रकाचं पहिलं वाक्य दार ठोठावत नाही, लाथ मारून आत येतं. फोटोही तसाच हवा. आणि लांब लेन्सची एक करामत आम्हा मोर्चेवाल्यांना सगळ्यांनाच ठाऊक असते. रस्त्याच्या वळणावर लांब जाऊन बसायचं, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि मोर्चा समोरून येऊ द्यायचा. माणसामागे माणूस, डोक्यामागे डोकं असं चिकटून येतं. मधली मोकळी जागा लेन्स गिळून टाकते. चाळीस माणसं असली तरी रस्ता माणसांनी भरून वाहतोय असं दिसतं. भोरच्या चौकातले आमचे असे कितीतरी फोटो मी काढले आहेत आणि ते बघून पुढच्या वेळी खरोखर जास्त माणसं आली आहेत. म्हणून मला ते खोटं कधी वाटलं नाही. उसनं वाटलं.

गंमत अशी की सॅकमध्ये जी पत्रकं होती ती नेमकी याच करामतीच्या विरोधात होती. प्लॉटिंगवाल्यांनी एक गुळगुळीत जाहिरात काढली होती. बंगला, हिरवळ, आणि बंगल्याच्या कौलाला टेकून राजगड. जणू बालेकिल्ल्यावरचा माणूस खाली वाकून यांच्या अंगणातली तुळस खुडेल. मी पत्रकात लिहिलं होतं: "हा फोटो लांबून, लांब लेन्सनं काढलेला आहे. मधला सगळा डोंगर, ओढे, शेतं, घरं या फोटोनं खाल्ली आहेत. जे फोटोत माणसं खातात ते जमिनीवर काय करतील?" शेवटच्या वाक्यावर मी जाम खूश होते. मित्रानं ते जाड अक्षरात टाकलं होतं.

भोपळा आणि ही पत्रकं एकाच सॅकमध्ये घालून मी निघाले. कुठेही टोचलं नाही.

चालण्याचे पहिले दोन दिवस मी फार वर्णन करत बसणार नाही. धरणाच्या पाण्याच्या कडेनं गेले, खिंडीतून वर चढले, एका मारुतीच्या देवळात झोपले. खांदे दुखले. जेसीबीनं डोंगराला पाडलेल्या लाल जखमा लांबूनही दिसतात, त्यासाठी भोपळा उत्तम होता, हे कबूल करायलाच हवं. एका उतारावर फक्त गेट होतं. आत काहीच नव्हतं, पण गेटवर सिंह बसवले होते. तीनशेवर ताणून मी त्या सिंहाचा फोटो काढला. सिमेंटचं शेपूट तुटलेलं होतं. पत्रकासाठी हे सोनं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीवर पोचले. मावशी अंगणात पेंढ्या रचत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, बोलायला लागल्या की हातातलं काम थांबत नाही अशा.

"एकटीच आलीस व्हय? आन येवढं वझं?"

"पत्रकं आहेत मावशी."

"कागूदच हाय न्हवं. मंग कशाला वाकलीस?" म्हणत त्यांनी एका हातानं सॅक उचलली, आणि खाली ठेवली. "आगं बया. कागूद लई जड आस्त्यात की."

त्यांची सून पाणी घेऊन आली. बारावी झालेली, माझ्याच वयाची. अर्ज तिनंच लिहिला होता. तो वाचून मला हेवा वाटला होता. एकही विशेषण नाही. घराच्या दारापासून कुंपणापर्यंत पाचशे पावलं. कुंपणापासून रस्त्यापर्यंत दोनशे पावलं. वहिवाट सासऱ्यांच्या आधीपासूनची. बस.

ऊन कलायच्या आत फोटो उरकावेत म्हणून मी लगेच निघाले. वळशाच्या रस्त्यानं खाली डांबरीवर गेले, आणखी पुढे वळणापर्यंत मागे सरले आणि तिथून वर बघितलं. कुंपणाचे सिमेंटचे खांब, त्यांच्यावर काटेरी तार, आणि वर वाडीची घरं. तीनशेवर ताणलं. आणि मला मोर्चाच्या वेळी येतो तो काटा अंगावर आला. तारेच्या मागे लगेच घरं. मावशींच्या घराची खिडकी दोन खांबांच्या मधोमध. तार जणू त्यांच्या ओसरीवरून गेलेली. तुरुंग. दुसरा शब्द नाही. मथळासुद्धा डोक्यात तयार झाला.

परत वर येऊन मी मोठ्या तोऱ्यात कॅमेऱ्याचा पडदा मावशींसमोर धरला. त्यांनी हात पुसले, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं.

"ही कुनाची वाडी?"

"तुमचीच."

"न्हाई."

"मावशी, हे तुमचं घर. ही तुमची खिडकी. हे बघा वाळत घातलेलं लुगडं."

"लुगडं माजंच हाय. पर कुपन माज्या दारात कुठं हाय? कुपन तितं खाली हाय, जांबळाच्या बी खाली. पाचशे पावलं." त्या सुनेकडे वळल्या. "अर्जात काय लिवलंय गं?"

"पाचशे," सून म्हणाली.

"आन फोटूत?"

सुनेनं बघितलं. "पाच."

मी समजावलं. लेन्समुळे अंतर कमी दिसतं, पण कुंपण खरं आहे, घर खरं आहे, अन्याय खरा आहे, आपण फक्त तो जवळून दाखवतोय. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सायेब ह्यो फोटू हातात घेऊन हितं उबं ऱ्हानार. बरूबर?"

"हो."

"हिकडं बगनार, तिकडं बगनार. मंग म्हननार, म्हातारीनं कुपन दारात आनलं. येक खोटं, म्हंजी समदंच खोटं. ती कुपनवाली मानसं आदीच म्हंत्यात, हितं वाटच नव्हती कदी. त्येंना आयतंच."

मला राग आला. त्यांचा नाही, म्हणजे त्यांचाही. एवढा फोटो आयुष्यात दोनदा येत नाही. मी म्हणाले की लोकांना हलवायचं तर थोडं जोरात बोलावं लागतं, हळू बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. तेवढ्यात सून घरात गेली आणि माझंच पत्रक घेऊन आली. मी आल्याआल्या दिलं होतं. उंबऱ्यात उभी राहून शाळेत धडा वाचावा तसं ठणठणीत वाचायला लागली.

"'हा फोटो लांबून, लांब लेन्सनं काढलेला आहे.'"

"बरं," मी म्हणाले.

"'मधला सगळा डोंगर, ओढे, शेतं, घरं या फोटोनं खाल्ली आहेत.'"

"कळलं."

"थांबा की ताई, पुढचं जाड हाय. 'जे फोटोत माणसं खातात ते...'"

"आगं, तिला च्या तरी दे आदी," मावशी म्हणाल्या. "मंग खाऊ दे काय खायाचं ते."

दोघी हसल्या. मलाही हसावं लागलं, पण कान तापले होते. टीका सहन होते मला. आपलंच वाक्य जाड अक्षरात परत ऐकणं सहन होत नाही.

चहा पीत मी मोबाईल काढला. अर्थात, मोबाईल होताच. मावशींच्या दारातून, जांभळाखालून, कुंपणाजवळून, सगळीकडून काढून पाहिले. मोबाईलचं दुखणं उलटं. त्यात डोंगर, आभाळ, ढग, सगळं ऐसपैस आलं आणि कुंपण केसाएवढं झालं. कुंपणाच्या आतली वाट तर दिसेचना. भोपळा अंतर खात होता, मोबाईल कुंपण खात होता. कुंपणवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी मोबाईलचाच फोटो पसंत केला असता. टेबलावर सोडून आलेल्या दोन लेन्सांची मला फार आठवण आली आणि मित्राचं 'गुमान' आठवून जास्तच राग आला.

पण लेन्स सोडा. वाट दिसत नव्हती याचं कारण वेगळंच निघालं. पावसाळ्यात इथं गवत कंबरेला लागतं आणि वाटा बुडतात. दसऱ्याच्या सुमारास वाडी ती वाट परत काढते: गवत कापायचं, निसटलेले दगड बसवायचे, पाण्यानं पाडलेली खांड बुजवायची. आणि वाटेचे अकरा टप्पे आहेत, घरटी एक. कुठला टप्पा कुणाचा हे कुठेही लिहिलेलं नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. दुसऱ्याच्या टप्प्यात हात घालायचा नाही. घातला तर तो टोमणा समजतात, की तुमच्यानं होत नाही म्हणून आम्ही केलं. मावशींच्या घराचा टप्पा सगळ्यात खालचा, रस्त्याला लागणारा. तो पूर्ण कुंपणाच्या आत गेला होता. या वर्षी दहा घरांनी आपापले टप्पे काढले आणि अकरावा तसाच राहिला.

"दुसऱ्यांनी बाहेरून तरी थोडं..." मी म्हणाले.

"आमच्या टप्प्याला आमी हाय की जित्त्या," मावशी म्हणाल्या. तो विषय तिथं संपला.

आणि यामुळेच कुंपणवाल्यांचं फावलं होतं. बघा, आत गवत आहे, वाट कुठाय? पत्रक लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी वाटतं की वाडीला हलवून सांगावं, अहो, आत्मसन्मान नंतर, आधी गवत कापा. पण कापणार कसं? आत जायला बंदी.

मी अंगणाच्या कडेला बसून समोर बघत राहिले. वाडीच्या समोर, ओढ्यापलीकडे, दुसरा उतार आहे. आणि मला एक अगदी साधी गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं कॅमेरा धरून दिसली नव्हती. मी फोटो खालून काढला होता, वाटेच्या तोंडाशी उभं राहून. मोर्चा काढते तसा, समोरून. समोरून काढलं की मधलं अंतर एकावर एक बसतं. बाजूनं, आडवं काढलं तर वाट डावीकडून उजवीकडे पसरेल. तिथं कुठलीच लेन्स पाचशे पावलांची पाच करू शकत नाही. भोपळ्यानं काही खाल्लं नव्हतं. अंतर खाल्लं होतं ते मी उभी राहिले त्या जागेनं.

मी सुनेला विचारलं, "उद्या सकाळी अकरा घरांतली अकरा माणसं आपापल्या टप्प्यावर उभी राहतील?"

"दूध घालून आल्यावर ऱ्हातील," ती म्हणाली. "पर अकरावा कसा?"

अकराव्याचं बघू, म्हणाले.

सकाळी ओढा ओलांडून मी समोरच्या उतारावर गेले. एका सपाट दगडावर कॅमेरा ठेवला, खाली पत्रकांचा गठ्ठा घातला. त्यांचा तेवढा तरी उपयोग. लेन्स सत्तरवर, तिच्या सगळ्यात आखूड मापावर, आणली. मग स्वतःवरच विश्वास नव्हता म्हणून पोस्टर लावायची चिकटपट्टी काढली आणि झूमच्या कड्यावर तीन वेढे दिले. आता ती हलणार नव्हती. कितीही मोह झाला तरी जवळ जाता येणार नव्हतं. एकाच जागेवरून, एकाच मापानं, डावीकडून उजवीकडे एकाला एक लागून सहा फोटो. नंतर छापून शेजारी शेजारी चिकटवायचे.

समोर माणसं उभी राहायला लागली. वरून खाली, एकेका टप्प्यावर एकेक. कापलेल्या गवतात वाट आता दोरी टाकल्यासारखी दिसत होती. सून फोनवर होती.

"आमी हाय उबं. दिसतंय का?"

"दिसतंय. चौथ्या टप्प्यावरचे आजोबा खाली का बसले?"

"त्येंना तंबाकू मळायची हाय."

"उभ्यानं मळा म्हणावं."

पलीकडून हाक गेली, आजोबा उठले, आणि त्यांनी माझ्या दिशेनं हात उंचावून काहीतरी म्हटलं. सुनेनं ते मला सांगितलं नाही.

मावशी कुंपणाच्या तारेला लागून उभ्या होत्या. त्यांच्या पुढे, आत, नुसतं गवत. आणि तिथं वॉचमन आला. सारोळ्याकडचा माणूस, चाळिशीचा, खाकी शर्ट, डोक्याला मफलर. चालू फोन मावशींच्या हातात देऊन सून जांभळाआड गेली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काय चाललंय हितं?"

"फोटू काडत्यात," मावशी म्हणाल्या. "या पावणं. तुमी बी या."

"मावशे, आत यायचं न्हाई हां. मला वरून सांगितलंय. आत कुनाला सोडलं तर माजी नोकरी जाईल."

"कोन येतंय आत? म्या भाईरच हाय. सात म्हैने झालं, भाईरच हाय."

समोरून मला दोन ठिपके दिसत होते, तारेच्या अल्याड एक आणि पल्याड एक.

"तुमची वाट नेमकी कुठनं व्हती?" वॉचमननं विचारलं.

"तुज्या पाठीमागनं."

"हितं तर गवतच हाय."

"वाट गवताखाली आस्तीया, पावणं. गवत वाटंखाली नस्तं."

त्यानं मागे वळून गवतात दोन पावलं टाकली. मग म्हणाला, "त्येंनी सांगितलंय, आत कुनाला सोडू नगं. म्या आत ऱ्हाऊ नगं, आसं कुनी सांगितलं न्हाई. कुठं उबा ऱ्हाऊ?"

मावशींनी तारेच्या बाहेरून त्याला टप्पा दाखवायला सुरुवात केली. "जरा खाली. आजून. डावीकडं. तुजं डावं न्हवं, माजं डावं." समोर तो ठिपका गवतात सरकत होता. "आता पाय टाक. लागला का दगूड?"

"न्हाई."

"येक पाऊल फुडं."

"लागला," तो म्हणाला. आणि मग, जरा हळू, "पायरी हाय की ही."

"म्याच बसवलीया. तितनं खाली आजून सात हायत. शेवटचीवर उबा ऱ्हा."

तो पायांनी चाचपत एकेक पायरी उतरला. गवतात मोजत होता, मोठ्यानं. सातवीवर थांबला, रस्त्याला लागून, आणि मफलर काढून हातात धरला, फोटोला उभं राहतात तसा. मी सहा फोटो काढले. मग पुन्हा सहा. मग पुन्हा सहा.

बेत पाच दिवसांचा होता. मी चौथ्याच दिवशी मार्गासनीवरून एसटीनं निघाले. उरलेल्या वाड्यांची पत्रकं परत आणली म्हणून बैठकीत मला बोलणी बसली. भोरच्या खोलीत मित्रानं सगळे फोटो संगणकावर उघडले आणि तुरुंगवाल्या फोटोवर थांबला.

"बाई गं. हा अर्जाला, सगळ्यात वर."

"हा नाही."

"वेडी आहेस का? अगं, हे बघून दगड रडेल."

"दगडाला अर्ज केलेला नाही. साहेबांना केलाय, आणि ते तिथं येऊन उभे राहणार आहेत."

तो बराच वाद घालत होता. त्याचं म्हणणं अगदी माझंच होतं, तीन दिवसांपूर्वीचं, शब्दशः, म्हणून मला ते खोडून काढायला काही वेळ लागला नाही. शेवटी आम्ही सहा कागद छापले, कडा जुळवून मागून चिकटवले. माझे दोन्ही हात ताणून पसरले तेवढी पट्टी झाली. तिच्यावर डोंगर, वाट, आणि तांदळाच्या कणीएवढी बारा माणसं, वाडीची अकरा आणि वॉचमन. कुणाचा चेहरा नाही, कुणाचे डोळे नाहीत. पत्रकाच्या हिशेबानं हा जगातला सगळ्यात कंटाळवाणा फोटो होता. मित्र म्हणाला, "यात राग कुठाय?" मी म्हणाले, राग मी बरोबर घेऊन जाईन, तो घडी घालून ठेवावा लागत नाही.

स्थळपाहणीच्या दिवशी साहेब आले, तलाठी आले, कुंपणवाल्यांच्या बाजूनं एक वकील आले. वकिलांनी पहिल्याच दमात सांगितलं की इथं वहिवाट कधीच नव्हती, समोर गवत आहे, डोळ्यांनी बघा. मी तोंड उघडणार एवढ्यात मावशींनी माझ्या मनगटाला धरलं आणि सुनेनं पट्टी उलगडली. एक टोक तिनं धरलं, दुसरं तलाठ्यांनी. साहेबांनी पट्टीवर बोट ठेवलं, वर बघितलं, पुन्हा पट्टीवर बघितलं. मग मावशींच्या दारापासून चालायला लागले. पावलं मोजत. तलाठी पट्टी धरून शेजारून आडवे चालत होते, खेकड्यासारखे. जांभूळ पट्टीवर होतं तिथंच होतं. चौथ्या टप्प्यावरचा कातळ होता तिथंच होता. कुंपणाशी आले तेव्हा साहेबांची पावलं चारशे ऐंशी झाली होती.

"सायबाच्या टांगा लांब हायत," मावशी म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. पट्टीवर कुंपणाच्या आत उभ्या असलेल्या कणीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

वॉचमन गेटाशीच होता. वकिलांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या जागी मी असते तर 'मी नव्हेच' म्हटलं असतं. तो म्हणाला, "म्या हाय सायेब. गस्त घालत व्हतो. पायाखाली पायऱ्या लागल्या."

"किती?"

"आठ."

गेट उघडायला लावलं गेलं. मावशींना विळा कुणी दिला ते मी पाहिलं नाही, बहुतेक तो कमरेलाच होता. सात महिन्यांनी त्या आपल्या टप्प्यात शिरल्या आणि वाकून गवत कापायला लागल्या. साहेब, वकील, तलाठी सगळे थांबून राहिले. एकेक पायरी उघडी पडत गेली. त्या मधेच थांबल्या, एक निसटलेला दगड टाचेनं दाबून बसवला आणि पुढे गेल्या. कुणी घाई करा म्हणालं नाही. पंचनाम्यात आठ पायऱ्या लिहिल्या गेल्या.

पुढच्या महिन्यात तात्पुरता हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत कुंपणात माणूस किटलीसकट जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी. पुरता विजय नाही हा. जिनं तीस वर्षं वाट तुडवली तिनं ती फोटोनं सिद्ध करायची, आणि ज्यानं एका दुपारी खांब रोवले त्याला कुणी काही विचारायचं नाही, हा उफराटा न्याय मला आजही गिळवत नाही, आणि तो कुणालाच गिळवू नये म्हणून मी पत्रकं लिहिते. वॉचमनला महिन्याभरात कामावरून काढलं. त्यावर मी पेटून पत्रक लिहायला घेतलं होतं. त्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याला दुसरीकडे नोकरी मागायची होती आणि त्याच्या पोटावर माझा मथळा नको होता. मी ते फाडलं. ते माझं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं.

मोर्चाचे फोटो मी आता बाजूनं काढते. माणसं कमी दिसतात. मग जास्त माणसं आणायची, दुसरं काय.

हुकूम झाल्यावर पहिल्या सकाळी मी मुद्दाम वाडीवर मुक्कामाला होते. कॅमेरा गळ्यात, या खेपेला पन्नासची लेन्स, म्हटलं आज मावशींचा चेहरा घ्यायचाच. पावणेसात झाले होते. मावशी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर किटली घेऊन भराभर उतरत होत्या, मी पुढे पळून कुंपणातल्या त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे उभी राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. त्या जवळ आल्या. खांबांच्या मधोमध आल्या. मी म्हणाले, "मावशी, एक मिनिट थांबा."

"थांबती कशाला? हो बाजूला," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल."

मी बाजूला झाले.